उत्तरपत्रिकेचा वाचक

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढे कोणाला ती शोधून काढावी लागणार नाही. मी मॅट्रिक आहे; आजच्या भाषेत दहावी पास. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि जोगेश्वरीच्या एका मराठी शाळेत खडू हाती धरला, तो अजून सुटलेला नाही. मधल्या काळात चार कादंबऱ्या लिहून झाल्या. शाळेच्या वाटेवर इस्माईल युसुफ महाविद्यालयाची टेकडी लागते. १९३० साली सुरू झालेले हे सरकारी महाविद्यालय. त्या टेकडीखालून मी रोज दोनदा जातो, पण विद्यार्थी म्हणून ती चढण्याचा योग आला नाही. असा माणूस विद्यापीठांच्या कारभारावर टीका करू लागला, तर वाचकांनी भुवया उंचावाव्यात हे रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच, की आपण लिहिलेले कोणीतरी वाचावे ह्या एका आशेवर मी आजवर लिहीत आलो. आणि उत्तरपत्रिका हे, माझ्या मते, आपल्याकडे सर्वांत अधिक लिहिले जाणारे व सर्वांत कमी मनावर घेतले जाणारे लेखन आहे.

कोणी म्हणेल, उत्तरपत्रिकेला लेखन काय म्हणायचे? पाठ केलेले ओकायचे, एवढाच तो व्यवहार. तो बहुतांशी तसा असतो हे मीही जाणतो. परंतु तीन तास मान खाली घालून, पुरवणीची दोरी बांधून, शेवटच्या घंटेपर्यंत एक मूल कोणा अनोळखी माणसाला उद्देशून लिहीत असते, हेही तितकेच खरे. त्याला एकच वाचक असतो. तो कोण, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. तो वाचक लहर लागली म्हणून पुस्तक मिटून ठेवू शकत नाही. त्याने वाचलेच पाहिजे, असा करार आहे. आम्हा कादंबरीकारांना असा बांधील वाचक स्वप्नातही मिळत नाही! आपल्या कादंबरीने कॉलेजातले प्रेम पाहिले, वसतिगृह पाहिले, नापास होऊन गावी परतणारा तरुणही पाहिला. पण ह्या वाचकाचे, म्हणजे परीक्षकाचे, चित्र कोणी रेखाटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

मुंबई विद्यापीठाच्या कथेचा आरंभ मात्र अशा वाचकापासून होतो. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांविषयी एक गोष्ट सांगितली जाते. त्यांची इतिहासाची उत्तरपत्रिका परीक्षकांना इतकी पसंत पडली, की ती नमुना म्हणून विलायतेच्या विद्यापीठाकडे पाठविण्यात आली. गोष्टीत पुढच्या पिढ्यांनी थोडे मीठमसाला घातले असेल. मला तिच्यातला रानड्यांचा मोठेपणा नवा नाही. मला मौज वाटते ती त्या परीक्षकाची. समोरच्या गठ्ठ्यात त्याला एक माणूस भेटला आणि तो भेटला हे त्याच्या ध्यानात आले.

आता चार पदवीधरांचे ते विद्यापीठ लाखांच्या घरात गेले आहे. लाखांना विलायतेला पाठविता येत नाही, हे कोणीही कबूल करील. तेव्हा यंत्र आले. सरकारी परिभाषेत ‘डिजिटल’ ह्या शब्दाला ‘अंकीय’ असा प्रतिशब्द आहे. भाषांतरकाराने तो विनोदाने योजिला नसावा, पण माझ्यासारख्या मास्तराला तो वाचून हसू आल्यावाचून राहत नाही. (आपल्या भाषेत अंक तरी किती! नाटकाचा अंक, दिवाळीचा अंक, आणि गुणपत्रिकेतला अंक.) आमची विद्यापीठे संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून अंकीय झालेली होती. संगणकाने ती तशी केली असे म्हणणे त्या बिचाऱ्या यंत्रावर अन्याय करण्यासारखे आहे.

हे विधान मोघम वाटू नये म्हणून २०१७ सालची हकीकत आठवून पाहू. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेच्या उत्तरपत्रिका त्यापूर्वी काही वर्षे संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जात होत्या. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी असे ठरले, की आता सर्वच शाखांच्या सर्व उत्तरपत्रिका तशाच तपासावयाच्या. परीक्षा होत्या ४७७ आणि उत्तरपत्रिका सतरा लाखांहून अधिक. निर्णय झाला तेव्हा परीक्षा तोंडावर आल्या होत्या, आणि कामाचे कंत्राट पक्के होईतो मुले पेपर लिहू लागलीही होती. प्रत्येक उत्तरपत्रिका गोळा करावयाची, तिच्यावर बारकोडची पट्टी लावून नाव-क्रमांक झाकावयाचा, पानन् पान स्कॅन करावयाचे, ते दूरच्या यंत्रात साठवावयाचे, आणि मग प्राध्यापकाने आपल्या केंद्रातल्या पडद्यावर ते उघडून गुण द्यावयाचे, असा तो क्रम. कागदावर ही योजना एखाद्या सुंदर रांगोळीसारखी दिसते. प्रत्यक्षात पाने मागेपुढे झाली, पुरवण्या मूळ उत्तरपत्रिकांपासून तुटल्या, प्राध्यापक पडद्यासमोर बसले तो पडद्यावर काही येईना. जून सरला. ४ जुलैला राज्यपाल आणि कुलपती चे. विद्यासागर राव ह्यांनी ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लावण्याचा आदेश दिला. महाविद्यालयांतले तास काही दिवस बंद ठेवून शिक्षकांना तपासणीला बसविले, दुसऱ्या विद्यापीठांतल्या शिक्षकांची मदत घेतली. ३१ जुलै आली नि गेली. निकालांचे शेपूट सप्टेंबरपर्यंत लांबले, आणि काही उत्तरपत्रिका तर सापडल्याच नाहीत. त्यांच्या धन्यांना सरासरीने गुण देण्यात आले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख ह्यांना पदावरून दूर केले. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. विद्यापीठाच्या इतिहासात कुलगुरूंवर अशी वेळ पूर्वी आली नव्हती.

त्या वर्षाचा एक योगायोग मोठा बोलका आहे. ९ जुलै २०१७ रोजी दिल्लीत राष्ट्रपती प्रणव मुखर्जी ह्यांनी ‘स्वयम्’ ह्या घरबसल्या शिकण्याच्या योजनेचे उद्घाटन केले, आणि त्याच समारंभात पदव्या व गुणपत्रिका इलेक्ट्रॉनिक रीतीने जपून ठेवणाऱ्या राष्ट्रीय भांडाराचेही. म्हणजे तिकडे पदव्या ठेवायला तिजोरी तयार, आणि इकडे मुंबईत पदवीच तयार नाही.

ह्या प्रकरणावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले आणि बहुतेकांनी दोष दोघांना वाटून दिला, थोडा यंत्राला आणि थोडा घाईला. घाईचा दोष उघड आहे. हाँगकाँगमध्ये शालान्त परीक्षेची पडद्यावरची तपासणी २००७ साली सुरू झाली ती चिनी आणि इंग्रजी ह्या दोन भाषाविषयांपासून. ब्रिटनमधली परीक्षामंडळेही ह्या पद्धतीला हळूहळू रुळली. तिथे तपासनिसाच्या गठ्ठ्यात अधूनमधून आधीच गुण ठरलेली उत्तरे गुपचूप सरकवितात, आणि त्याचा हात सैल पडतो की आखडतो ते पाहतात. आमच्याकडे ४७७ परीक्षा एका रात्रीत. पण घाई तरी का झाली? ह्या प्रश्नाचे उत्तर मला एका साध्या त्रैराशिकात सापडते, आणि त्याला मॅट्रिकचे गणित पुरते.

एक उत्तरपत्रिका नीट वाचायला वीस मिनिटे लागतात असे धरू. अनुभवी प्राध्यापक हसतील. त्यांना तेवढी मिळत नाहीत. तरी धरू. सतरा लाखांना वीस मिनिटे म्हणजे तीन कोटी चाळीस लाख मिनिटे, म्हणजे सुमारे पाच लाख सदुसष्ट हजार तास. रोज सहा तास डोळे मोडून वाचणारा माणूस घेतला तर सुमारे साडेचौऱ्याण्णव हजार दिवस. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल तीस दिवसांत, आणि फार झाले तर पंचेचाळीस दिवसांत लावावयाचा असतो. म्हणजे एकवीसशे माणसे, एकही रविवार न घेता, दीड महिना नुसती वाचीत बसली पाहिजेत. यंत्राने गठ्ठ्यांची ने-आण वाचते, बेरीज वाचते, क्रमांक लपविणे सोपे होते. वाचनाची वीस मिनिटे मात्र यंत्राने एका पळानेही कमी होत नाहीत. आणि नेमकी तीच कमी होतील, अशी कोणाची तरी समजूत झाली असावी. ज्यांनी योजना आखली त्यांच्या हिशेबात स्कॅन करणारी यंत्रे होती, संगणक होते, जोडण्या होत्या. वाचणारा माणूस त्या हिशेबात धरलेलाच नव्हता. तो कागदाच्या काळातही कोणी धरीत नसे. कागदाच्या गठ्ठ्याखाली हे झाकून राहत होते, पडद्याने ते उघडे पाडले, इतकेच.

येथे यंत्राच्या बाजूने दोन शब्द बोलले नाहीत तर मी टीकाकार न राहता कुरकुर करणारा म्हातारा ठरेन, आणि मला अजून पन्नाशीही गाठायची आहे. हाताच्या बेरजेने जितकी मुले नापास झाली असतील त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. तपासायचे राहून गेलेले पान, आत चुकून राहिलेली पुरवणी, ओळखीच्या अक्षराला झुकते माप, हे सारे कागदाच्या राज्यातले वैभव आहे. पडद्यावर बेरीज चुकत नाही, आणि गुण दिल्यावाचून प्रश्न सुटला तर यंत्र अडून बसते. शिवाय ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारात मोडते आणि विद्यार्थ्याला ती पाहता आली पाहिजे. कागद कपाटात असला की हा अधिकार अर्जांच्या रांगेत अडकतो. प्रतिमा साठविलेली असेल तर कर्जतच्या मुलीला ती कलिन्याचा हेलपाटा न घालता पाहता येईल. ह्या गोष्टी लहान नाहीत. ज्या घरात एक दिवसाची मजुरी बुडणे परवडत नाही, त्या घराला त्या फार मोठ्या आहेत.

तरीही पडद्यावर वाचणे आणि कागदावर वाचणे ह्यांत काहीतरी फरक पडतो, आणि तो सांगायला मी माझ्या धंद्यातला दाखला देतो. सहामाही परीक्षेची चित्रे मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आणतो. आमची खोली दहा बाय पंधराची. चाळीस चित्रे एकदम जमिनीवर मांडतो. ती दारापर्यंत जातात. “अहो, रांगोळीला तरी जागा ठेवा,” असे आतून ऐकू येते, आणि चकलीचा घाणा संपेपर्यंत मला मुदत मिळते. मी चित्रांमधून वाट काढीत दोन-तीन वेळा फिरतो. पहिल्या फेरीत जे चित्र चटकदार वाटते ते तिसऱ्या फेरीत उसने वाटू लागते. कोपऱ्यातली एक मळकट निळी होडी, जिच्याकडे आधी लक्षही गेले नव्हते, ती हळूहळू साऱ्या खोलीला आपल्याकडे ओढते. मग मी दिलेला शेरा खोडून वर चढवितो. हे गुण मी एकेका चित्राला देत नाही. चाळीस चित्रांकडून मी आधी शिकतो, आणि मग त्यांना गुण देतो.

माझे एक स्नेही प्राध्यापक आहेत. मुंबईच्या नव्हे, दुसऱ्या एका विद्यापीठासाठी ते पडद्यावर उत्तरपत्रिका तपासतात. त्यांना मी ही जमिनीवरच्या चित्रांची पद्धत सांगितली तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “कागदाच्या काळात आम्हीही तसेच करीत होतो. पहिल्या पाच-दहा उत्तरपत्रिका पेन्सिलीने तपासायच्या, वर्गाची कुवत ध्यानात आली की मागे वळून त्या पुन्हा पाहायच्या. आता एक उत्तरपत्रिका संपविली, कळ दाबली, की ती गेली. पुढची येते.” मी विचारले, मागे वळता येतच नाही का? ते म्हणाले, एका उत्तरपत्रिकेत पाने मागेपुढे करता येतात; तशी सोय आहे. “पण करीत नाही. बोट पुढच्याच बाणावर जाते.” ह्या सद्गृहस्थांनी पंचवीस वर्षे निष्ठेने अध्यापन केले आहे. त्यांनी दिलेली कबुली मला कुठल्याही अहवालापेक्षा अधिक मोलाची वाटते.

आणि हा प्रश्न परीक्षकापुरता नाही. लिहिणाऱ्यालाही आपला वाचक कसा आहे ह्याचा वास येतो. २०२० साली महामारीत शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागल्या. आमच्याकडे त्या ऑक्टोबरात घरबसल्या झाल्या, चारांतला एक पर्याय निवडण्याच्या. त्या संकटात दुसरे काय करता आले असते, मला सुचत नाही. पण त्या परीक्षेला वाचकच नको होता, हे मुलांच्या बरोबर ध्यानात आले. आमच्या चाळीतला एक मुलगा त्या वेळी मला म्हणाला, “काका, ह्यात चुकलं तर चुकलं. पण ‘थोडं बरोबर’ असं काही नाहीच.” मला वाटते, माणसाचे बहुतेक ज्ञान ह्या ‘थोडे बरोबर’च्या प्रांतातले असते, आणि त्या प्रांतात गुण द्यायला माणूसच लागतो.

यंत्राकडून निबंध तपासून घेण्याचे स्वप्नही आजचे नाही. १९६६ साली एलिस पेज नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने ते जाहीर मांडले. गृहस्थ पूर्वी शाळामास्तर होते, म्हणजे वह्यांच्या ढिगाऱ्याखाली तेही दबले असणार. त्यांच्याविषयी मला बंधुभावच वाटतो. त्यांचे यंत्र निबंधाची लांबी मोजी, स्वल्पविराम मोजी, शब्दांची लांबी मोजी, आणि त्यावरून गुण काढी. गंमत म्हणजे ते गुण माणसांनी दिलेल्या गुणांशी बरेच जुळत. लोकांनी ह्यावरून यंत्र हुशार ठरविले. मला मात्र अशी शंका येते, की माणसेही स्वल्पविरामच मोजीत असावीत. अलीकडे मुले निबंध यंत्राकडून लिहवून घेतात आणि तपासायलाही यंत्र येऊ घातले आहे. तसे झाले तर लिहिणाराही नाही आणि वाचणाराही नाही, फक्त मधला गुण तेवढा शिल्लक.

मला कोणी विचारले, की तुला एवढे वाचकाचे प्रेम का, तर त्याला एक जुनी वही जबाबदार आहे. नववीत असताना चाचणीत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध आला. मी आमच्या गळक्या खोलीबद्दल लिहू लागलो आणि पाऊस राहिला बाजूला. त्या खोलीत भांडी मांडीत रात्रभर जागणाऱ्या आजीवरच दोन पाने गेली. वही परत आली. मराठीच्या बाईंनी लाल शाईने लिहिले होते: ‘विषय सुटला. ४ गुण कमी.’ आणि खाली बारीक अक्षरात: ‘पण आजीचे पुढे काय झाले?’ गुण त्यांनी कापले ते योग्यच होते. विषय सुटलाच होता. पण माझी पहिली कादंबरी त्या खालच्या ओळीचे उत्तर आहे.

विद्यापीठाच्या सतरा लाख उत्तरपत्रिकांवर कोणी अशा ओळी लिहीत बसावे, असे मी म्हणत नाही. एवढी मोठी मागणी करायला मी कवी नव्हे. पण सुधारणेची फर्माने निघतात तेव्हा त्यांत किती संगणक, किती केंद्रे, किती दिवस, हे सारे असते; एका उत्तरपत्रिकेला किती मिनिटे आणि एका माणसाला दिवसाला किती उत्तरपत्रिका, हे मात्र आधी ठरवून, छापून, मुलांच्या हाती द्यावे, एवढे मागायला हरकत नसावी. भाजीवाला वजन आधी दाखवितो आणि मग दर सांगतो.

माझ्या त्या स्नेह्यांनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली. एका उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, रेघ मारून संपविलेल्या अर्ध्या उत्तराखाली, कोणीतरी घाईघाईने लिहिले होते: ‘सर, वेळ संपली. पुढचे मला येत होते.’ ह्या वाक्याला गुण द्यायची चौकट पडद्यावर नव्हती. कागदावरही ती कधी नसते. त्यांनी अर्ध्या उत्तराचे अर्धे गुण दिले, क्षणभर थांबले, आणि बाण दाबला. मुलगा होता की मुलगी, हे त्यांना ठाऊक नाही. नाव-क्रमांकावर बारकोडची पट्टी होती. अक्षर मात्र डावीकडे कलते होते, एवढे त्यांना अजून आठवते.